रॉबेनची निळी सांगितली होती, नारिंगी आली

जर्सी छापणाऱ्या दुकानाचा रिव्ह्यू लिहायला बसलोय पण आधीच सांगून ठेवतो, यात निम्मा रॉबेनच, म्हणजे नेदरलँड्सचा फुटबॉलर आर्येन रॉबेन, येणार आहे, त्याला इलाज नाही. दुकानाचं नाव टाकत नाही कारण दुकानवाले मामा माणूस चांगला आहे आणि चूक अर्धी माझीच आहे.

पेठेतलं जुनं दुकान. तालमीच्या, म्हणजे आमच्या पेठांच्या फुटबॉल टीमच्या पोरांचे किट, शाळांच्या स्पोर्ट्सचे टीशर्ट, गणपतीत मंडळाचे टीशर्ट, सगळं तिथंच. आणि मुख्य म्हणजे एक पीस पण करून देतात, नाहीतर एका जर्सीसाठी गेलं की लोक असं बघतात जसं काय उधार मागायला आलोय. मी फोनवर सांगितलं, मामा, नेदरलँड्सची २०१४ ची जर्सी, निळी, मागं रॉबेन आणि ११ नंबर. मामा म्हणाले, "म्हंजे हॉलंड न्हवं?" म्हटलं होय. इथंच माती खाल्ली. हॉलंड म्हटलं की मामांच्या डोक्यात नारिंगी फिट आहे, निळी हा शब्द त्यांच्या कानावरनं गेला असणार. चार दिवसांनी पिशवी उघडली तर आतनं अशी भडक नारिंगी निघाली की घरी आईनं विचारलं, डिलिव्हरीच्या कामाला लागलास काय रे.

बरं अजून एक वाचलो. प्रेसवर बसलेला पोरगा नाव टाइप करताना विचारतो, "रॉबिन ना दादा? व्हॅन पर्सी?" आणि त्यानं ९ नंबर काढून पण ठेवलेला. मी तिथं उभा होतो म्हणून बरं. त्याला म्हटलं रॉबिन वेगळा, रॉबेन वेगळा, दोघं एकाच टीममधले डावखुरे, पण हा विंगवाला. तशी गंमत म्हणजे आयंडहोव्हनच्या क्लबात असताना रॉबेनला पण रॉबिनच म्हणायचे, जोडीदार केझमन बॅटमॅन आणि हा रॉबिन. ते पोराला सांगितलं नाही, उगाच आणि घोळ.

आता कोण म्हणेल निळी काय आणि नारिंगी काय, नाव तर तेच आहे. कोल्हापुरात राहून असं म्हणू नका. इथं रंग म्हणजे पेठ, रंग म्हणजे तालीम. आणि रॉबेनच्या बाबतीत तर नारिंगी म्हणजे एक रात्र आणि निळी म्हणजे दुसरी रात्र, समोर दोन्ही वेळा स्पेन आणि गोलात दोन्ही वेळा कासियासच.

नारिंगी म्हणजे ११ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, वर्ल्डकप फायनल. आपल्याकडं रात्री बाराला सुरू झाली. मी नववीत होतो, मंडळाच्या टीव्हीपुढं सतरंजीवर बसलेलो, आजूबाजूला सगळे अर्जेंटिना आणि ब्राझीलवाले, त्यांच्या टीम घरी गेलेल्या म्हणून कुणाचाच जीव टांगणीला नव्हता, एकटा माझा सोडून. ६२ वं मिनिट. स्नायडरनं मधनं पास सोडला आणि रॉबेन एकटा सुटला, पुढं फक्त कासियास. मी उठून उभा पण राहिलो. कासियास पडला होता हो, आधीच पडला होता, तरी पडता पडता त्याच्या बुटाला बॉल लागला आणि बाहेर गेला. नंतर ११६ व्या मिनिटाला इनिएस्टानं मारला आणि संपलं. सतरंजी झाडून घडी घालायला पण मलाच लावली.

निळी म्हणजे २०१४, साल्व्हाडोर. १३ जूनची मॅच, आपल्याकडं तारीख बदललेली, रात्री साडेबारा. पहिला गोल स्पेनचाच, पेनल्टीवर. मग व्हॅन पर्सीचा तो उडी मारून हेडर, तो सगळ्यांना माहीत आहे. पण मला ५३ वं मिनिट जास्त आवडतं. ब्लिंडनं लांबनं टाकलेला बॉल रॉबेननं डाव्या पायावर असा उतरवला जशी मावशी भाकरी तव्यावर सोडते, आवाज पण नाही, आणि पिकेला आत वळून सोडला, मारला, गोल. ८० व्या मिनिटाला तर रामोसला पळवून पळवून दमवला आणि कासियास अक्षरशः रांगत होता गोलपुढं. ५-१. चार वर्षांचं व्याज एका रात्रीत वसूल. म्हणून मला निळी पाहिजे होती, मामांना काय माहीत त्यांनी मला हरलेल्या रात्रीचा रॉबेन घातला.

जर्सीचं सांगतो. कापड डॉट निट, हवा खेळते, घाम धरत नाही. शिलाई चांगली, खांद्याला डबल आहे. साइज मात्र एक नंबर मोठी घेऊन चालतात, मी एल सांगितली, आत अजून एक माणूस बसेल. छातीवरचा सिंह लांबनं मांजरासारखा दिसतो, जवळनं पण थोडा तसाच. नाव नंबर डीटीएफ प्रिंटचे, म्हणजे फिल्मवर छापून गरम प्रेसनं चिकटवलेले, आणि तिथं खरी तक्रार, पहिल्याच धुण्यात ११ मधल्या दुसऱ्या एकाचा कोपरा उचकटला. मामांनी परत हीट प्रेस करून दिला, पैसे घेतले नाहीत, वर म्हणाले उलटी करून धू आणि इस्त्री लावू नको. हे आधी सांगायचं की मामा.

पण खरं सांगू, रॉबेनच्या जर्सीला हे शोभतंय. त्याचं पण दर सीझनला काहीतरी उचकटायचंच, कधी हॅमस्ट्रिंग कधी काय. चेल्सीत लीग जिंकली दोनदा, रियल माद्रिदला गेला, तिथं पण लीग घेतली, दोन वर्षांत त्यांनी बायर्नला देऊन टाकला. बायर्नमध्ये १० नंबर आणि दहा वर्षं, ३०९ मॅच, १४४ गोल, आठ वेळा लीग. आणि सगळं एका चालीवर! उजवीकडनं बॉल घ्यायचा, आत कट मारायचा, डाव्यानं लांबच्या कोपऱ्यात. डिफेंडरला माहीत, गोलीला माहीत, वरच्या स्टँडमधल्या खारे शेंगदाणेवाल्याला पण माहीत, तरी अडत नव्हता कारण कधी वळणार ते कळायचं नाही. मी पण डावखुरा, टर्फवर उजवीकडनं खेळतो, तीच चाल मारतो, आमच्यात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे अडवतात.

२०१२ ला स्वतःच्या ग्राउंडवर चॅम्पियन्स लीग फायनल, समोर जुना क्लब चेल्सी, एक्स्ट्रा टाइममध्ये पेनल्टी मिळाली, रॉबेननं मारली आणि चेल्सीचा गोली चेकनं धरली. मॅच पण गेली. मला वाटलेलं आता हा माणूस संपला. पुढच्याच वर्षी परत तीच फायनल, वेम्बलीवर, समोर डॉर्टमुंड, ८९ वं मिनिट, जोडीदार रिबेरीच्या टाचेवरनं बॉल आला आणि गोल, तो पण असा हळू गडगडत गेलेला की ११ सेकंद लागली असं वाटलं. पडायचा पण फार, ते मान्य करतो, मेक्सिकोविरुद्ध आधी एकदा मुद्दाम पडलो हे त्यानं स्वतःच नंतर कबूल केलं. २०१९ ला थांबला, मग परत ग्रोनिंगनला, जिथनं सुरुवात केली त्याच क्लबात खेळायला आला आणि २०२१ ला कायमचा थांबला.

नारिंगी घालून परवा शाहू स्टेडियमला गेलो. मागनं लगेच आवाज, "ए संत्री, खाली बस!" शेजारी एक आजोबा, पाठीवरचं नाव बोटानं वाचलं आणि म्हणाले, "त्यो टकल्या न्हवं? डाव्या पायाचा?" म्हटलं होय आजोबा. "हॉलंडचा खरा म्हंजे क्रायफ," म्हणाले, पण मग अर्ध्या वेळेत शेंगदाणे दिले.

साडेपाचशे रुपयांत वाईट नाही, पाचातले साडेतीन स्टार. ऑर्डर फोनवर देऊ नका, समोर उभं राहून रंग दाखवा. काल परत जाऊन निळीसाठी दोनशे अॅडव्हान्स दिले, या वेळी मामांनी वहीत माझ्यासमोर लिहून घेतलंय: हॉलंड, निळा, ११, टकल्या.