दोन किनाऱ्यांमधली वाट: खालून खडपावरून की वरून टेकडीवरून?

बेटावरच्या शेजारशेजारच्या दोन किनाऱ्यांमध्ये बहुधा एखादं खडकाळ टोक आडवं येतं. ते ओलांडायचं तर एक ओहोटीत खालून खडपावरून, म्हणजे पाण्यालगतच्या उघड्या पडलेल्या खडकांवरून, नाहीतर वरून पायवाटेने. नकाशात खालचा मार्ग जवळचा दिसतो, पण नकाशात पाणी किती वाजता चढतं ते लिहिलेलं नसतं.

खालून जायचं तर सगळं घड्याळावर. पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी निघावं. टोकापाशी पोचता तेव्हा पाणी अजून उतरत असतं आणि पुढे वाट नसली तरी मागे फिरायला वेळ उरतो. नेमकी ओहोटीची वेळ गाठून निवांत निघणारेच अडकतात. भरती लागल्यावर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्शाएवढं वाढतं, म्हणून काळजी वाटत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र दर तासाला पाव हिस्सा. शिवाय कालची वेळ आज चालत नाही, ती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणात ओहोटी खूप आत जाते, टोक मोकळं पडतं, पण पाणी परत येतंही तितक्याच वेगाने. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (पाणी कमी चढण्या-उतरण्याच्या) दिवसांत, काही टोकं पूर्ण ओहोटीतही पाण्यातच राहतात.

वाळूत ओल्या, दबलेल्या पट्ट्यावरून चाला. कोरड्या भुसभुशीत वाळूत कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती जाते. खडपावर रंग बघून पाऊल टाका: हिरवं चकचकीत शेवाळ हमखास घसरवतं, पांढुरक्या खरखरीत कवचांनी भरलेला खडक पाय धरतो, पण हात टेकलात तर कापतो. कड्याच्या पायथ्याशी फिकट, ताजे तुटलेले दगड दिसले तर लांबूनच जा, वरून अजून येतील.

वरच्या वाटेचा हिशेब सोपा. तासाला 4 किलोमीटर, दर 100 मीटर चढाला 10 मिनिटं जास्त. पाणी आणि टोपी हवीच. मुख्य धोका कडेचा. वरून घट्ट दिसणारी गवताळ कड खालून पोखरलेली असू शकते, आणि फोटोसाठी पुढे टाकलेली दोन पावलं तिथेच नडतात.

गुडघेदुखीवाल्यांना खालचा सपाट मार्ग बरा वाटतो. खरं तर खडपावर पावलोपावली तोल सावरावा लागतो, त्यामुळे चढ बेताचा असेल तर त्यांनी वरूनच जावं. लाटा टोकावर फुटत असतील तर वेळापत्रक काहीही म्हणो, सगळ्यांनीच.

दोन्ही अनुभवायचं असेल तर जाताना खालून, येताना वरून. उलट केलंत आणि पलीकडे डुंबण्यात तास गेला, की परतीला टोक पाण्याखाली. मात्र वरच्या वाटेचं पलीकडचं तोंड आधी विचारून ठेवा; झाडीत शिरणारी वाट किनाऱ्यावरून सहसा दिसत नाही.