धनुष्याच्या लिंबांवरची टेप काढल्याशिवाय पैसे देऊ नका

शिकारीसाठी घेतलेल्या एका जुन्या धनुष्याचे ४८० डॉलर, नंतर ८५, आणि वर तपासणीचे २०. एकूण ५८५. हा आकडा बायकोला सांगायला मला तीन आठवडे लागले आणि इथं लिहायला सहा महिने. तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अरे, पण तडे शोधायचाच पगार मिळतो ना तुला?"

मिळतो. डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात मी चौदा वर्षं क्वालिटीत आहे. मोटारीच्या सुट्या भागांवर लाल डाय मारायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा आणि केसाएवढी लाल रेघ उमटली तरी तो माल बाजूला काढायचा, यावर माझं घर चालतं. पुरवठादार मला पाठीमागं खडूस म्हणतात. आणि हाच खडूस माणूस सप्टेंबरातल्या एका शनिवारी औषधाच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये उभा राहून, अंगठ्याखाली कंगोरा लागत असताना, तो टेपचा जोड असेल अशी स्वतःचीच समजूत घालत होता.

शिकार कशाला, असं विचारणारे विचारतीलच. कोल्हापूरकडच्या आमच्या गावात आजोबांकडं ठासणीची बंदूक होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली आणि राहिल्या त्या गोष्टी. (भारतातून कुणी मला 'इकडं कुठं मिळेल' म्हणून विचारू नका. तिकडं बाण मारून शिकार केलीत तरी तो गुन्हाच आहे.) मिशिगनमध्ये मात्र हरणाच्या मोसमात अर्धा कारखाना रजेवर असतो. मोटार धंद्यात पॅटर्नमेकर असलेला फ्रेड बेअर धनुष्यं बनवायला लागला आणि १९४७ मध्ये त्यानं आपला कारखाना ग्रेलिंगला नेला, तो याच राज्यात. त्याचं नाव इथले म्हातारे आपल्याकडं एखाद्या वस्तादाचं घ्यावं तसं घेतात. बंदूक घरात येणार नाही ही बायकोची अट होती. धनुष्य चालेल म्हणाली. सेफ्टीचा कोर्स केला, परवान्याचं बघून ठेवलं. १ ऑक्टोबरला धनुष्यवाल्यांचा मोसम सुरू होतो, १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो, १५ तारखेला बंदूकवाले उतरतात. म्हणजे माझ्या हातात तीन आठवडे होते. घाई माझीच होती, हे आधीच कबूल करतो. पण घाईतल्या माणसाला ओळखणं हाच त्या लोकांचा धंदा असतो, हेही तितकंच खरं.

दुकानात साइट (नेम धरायला), रेस्ट (बाण टेकवायला), क्विव्हर (बाण ठेवायला) सगळं लावून तयार असलेलं नवीन कम्पाउंड, म्हणजे टोकांना कॅम नावाची चाकं असलेलं, धनुष्य ४४९ डॉलरला होतं. नवशिक्यांसाठी बनवलेलं. ओढीचं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारी ताकद, पार मुलांच्या ताकदीपासून ७० पौंडांपर्यंत आणि ओढीची लांबी, म्हणजे दोरी किती मागं येते तेही, बरंच कमीजास्त, दोन्ही षट्कोनी पान्यानं बदलता येतं. कामावरचा एक सहकारी, वीस वर्षं शिकार करणारा, मला म्हणाला होता, "तेच घे, गप बस." पण मी इंजिनिअर ना! चार रात्री जागून वाचलं आणि असं ठरवलं की स्वस्तातलं नवीन घेण्यापेक्षा भारीतलं जुनं घ्यावं. मोटारीच्या बाबतीत हे खरं आहे. धनुष्याच्या बाबतीतही असेल, पण ते घेणाऱ्याला कळत असेल तर.

जाहिरात अशी होती: तीन वर्षं जुनं, नवीन १,१०० चं, आता ६०० ला. कारण, खांद्याचं ऑपरेशन झालं, ओढवत नाही. सोबत साइट, क्विव्हर, सहा कार्बनचे बाण आणि रिलीज म्हणजे मनगटाला बांधायचा चाप, सगळं फुकट. दोन दिवस घासाघीस करून ४८० ला आणलं आणि मला काय आनंद झाला! पुढं लगेच निरोप आला की उद्या फ्लिंटहून एक जण बघायला येतोय, ठेवून हवं असेल तर १०० आगाऊ पाठवा. पाठवले. फ्लिंटहून कोण येणार होतं ते तुम्हाला कळलंच असेल. मला मात्र त्या रात्री त्या न आलेल्या माणसावर मात केल्याचं समाधान होतं.

जी गोष्ट तुम्ही अजून पाहिली नाही तिच्यासाठी एक डॉलरही आधी पाठवू नका. शंभर गेले की माणूस ते शंभर वाचवायला उरलेले ३८० घालतो.

आता ते पार्किंग. मी रोज रात्री तिथं परत जातो, म्हणून सावकाश सांगतो.

धनुष्याला दोन लिंब असतात, वरचा आणि खालचा. फायबरग्लासच्या वाकणाऱ्या पात्या, सगळी ताकद त्यांच्यात. (बायको आता म्हणते, तुला कडुलिंब दिले त्यानं.) या दोन्ही लिंबांवर झाडाच्या सालीसारख्या रंगाची कापडी टेप गुंडाळलेली होती. मी विचारलं, ही कशाला? म्हणाला, ऊन पडलं की लिंब चकाकतात, हरीण बिचकतं. पटलं, कारण अशी टेप लोक खरंच लावतात. वरच्या लिंबावरून अंगठा फिरवला तर कॅमच्या खाली दोन बोटांवर काहीतरी उंचवटा लागला. बारीक, तिरका. तिथं अंगठा थांबला. माझा अंगठा चौदा वर्षांत अशा जागी कधी उगाच थांबलेला नाही. मी त्याच्याकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघतच नव्हता, मागच्या सीटवरच्या लहान मुलीला बिस्किटाचा पुडा फोडून देत होता. आणि मी अंगठा उचलला. टेप जरा उचलून बघू का, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. त्या पोरीसमोर बापावर संशय कसा घ्यायचा, असं वाटलं. खरंच तेवढंच कारण होतं. मूर्खपणा म्हणा, मी त्याला अजूनही सभ्यपणाच म्हणतो.

दुसरी खूण: मी ओढून बघतो म्हटलं, तर नको म्हणाला. पार्किंगमध्ये ओढलं आणि हातून सुटलं तर ड्राय फायर होईल, मग जबाबदार कोण? यातली मेख अशी की हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. बाण न लावता दोरी सुटली की जी ताकद बाण घेऊन जातो ती उलट लिंबांत आणि कॅममध्ये शिरते, आणि लिंब फाटतात. नेमकं हेच त्या धनुष्याचं आधी झालेलं होतं. स्वतःच्या धनुष्याचा रोग तो मला सावधगिरीची सूचना म्हणून सांगत होता, आणि मी मनात म्हणत होतो, माणूस जाणकार दिसतो.

तिसरी: दोन मैलांवर धनुष्यांचं दुकान आहे, तिथं दाखवून घेऊ, असं मी सुचवलं होतं. हो, सुचवलं होतं, हे नोंदवून ठेवा. तो म्हणाला, त्यांना नवीन विकायचं असतं, जुन्याला ते नावंच ठेवणार. विकणारा दुकानात यायला तयार नसेल तर तिथूनच गाडी वळवा. पुढं काहीही ऐकू नका.

३८० फोनवरूनच पाठवले. रोख असते तर निदान ATM पर्यंत जाईपर्यंत विचार केला असता.

सोमवारी संध्याकाळी दुकानात नेलं. म्हटलं, दोरी जरा तपासा आणि माझ्या मापाला लावून द्या. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं धनुष्य प्रेसवर, म्हणजे लिंब दाबून दोरी सैल करायच्या यंत्रावर, घ्यायच्या आधीच हात मागं घेतला. टेप सोलली. खालून पेनानं ओढल्यासारख्या दोन रेघा, आणि कडेला फायबर उभे राहिलेले. त्यानं कापसाचा बोळा फिरवला, तो प्रत्येक ठिकाणी अडकला. खालच्या लिंबावरही तेच. कॅम किंचित वाकडा. "हे तुम्ही ओढलंत का?" त्यानं विचारलं. नाही म्हटल्यावर तो काही बोलला नाही, पण त्यानं स्वतःच्या कपाळावरची एक जुनी खूण चोळली. भरल्या ओढीत लिंब फुटला तर तुकडे तोंडावर येतात.

कापसाचा बोळा. दहा सेंटही लागत नाहीत. खिशात ठेवा.

पुढं आणखी निघालं. ओढीची लांबी २९ इंचाची. माझे दोन्ही हात पसरून ६६ इंच भरतात, त्याला अडीचनं भागलं की साडेसव्वीसच्या आत. विकणारा म्हणाला होता की ते ॲडजस्ट होतं. काही धनुष्यांत होतं. यात कॅमचा भागच बदलावा लागतो, तो वेगळा विकत मिळतो. वजनही ७० चं, बोल्ट सैल करून फार तर ६० पर्यंत उतरतं. मला, म्हणजे खुर्चीत बसणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाला, ४५ ते ५० पुरेसं होतं आणि हरणालाही तेवढं पुरतं. सहा बाण त्याच्या ताकदीचे, माझ्यासाठी फार ताठ. दोन चिरलेले. नवे लिंब, दोरी, कॅमचे भाग आणि मजुरी मिळून त्यानं ५१० सांगितले. शेजारीच भिंतीवर ४४९ चं नवं लटकत होतं. तपासणीचे २० त्यानं संकोचून घेतले.

कंपनीला फोन केला. वॉरंटी पहिल्या मालकालाच. जुनं घेताना हे विचारा. मी १,१०० चा आकडा बघून हुरळलो आणि हे विचारलंच नाही.

इथपर्यंत निदान माझी चूक समजण्यासारखी आहे. ८५ डॉलरची नाही. मी त्या माणसाला फोटो पाठवले. मला वाटलं शिव्या देईल, गायब होईल. तर तो हळहळला. मला खरंच माहीत नव्हतं, म्हणाला, मी पहिला मालक आहे, माझ्या नावावर वॉरंटीत लिंब मागवतो, पाठवण्याचा आणि हाताळणीचा खर्च १७० आहे, अर्धा-अर्धा करू. आता सांगा, फसवणारा माणूस अर्धे स्वतःचे भरेन म्हणेल का? म्हणेल. कारण त्याचे अर्धे कुणी मोजत नाही. ८५ पाठवले, त्यानंतर चार दिवस "मागवलेत", "निघालेत" आणि पाचव्या दिवशी त्याचं खातंच दिसेना. फोन बंद.

मग सुरू झाली यात्रा.

बँकेत सांगितलं की पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवलेत, चोरी झाली असती तर बघितलं असतं. म्हणजे कुणी माझा फोन हिसकावून ४८० काढले असते तर मी ग्राहक. मला गोड बोलून माझ्याच बोटानं काढून घेतले तर मी गाढव. क्रेडिट कार्डावर तक्रार तरी लावता आली असती, पण असले लोक कार्ड कधी घेत नाहीत. जाहिरात जिथं होती त्यांनी तीन वेळा एकच उत्तर पाठवलं: प्रत्यक्ष भेटून घेतलेल्या मालाला आमचं संरक्षण नाही. तिसऱ्या वेळी खाली विचारलं होतं, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

पोलीस ठाण्यात पाऊण तास बसवलं. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं धनुष्य हातात घेतलं, टेप सोललेली जागा पाहिली आणि म्हणाला, "तुम्ही वस्तू पाहिलीत, हातात घेतलीत, भाव ठरवलात, पैसे दिलेत. हा दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, तडा लपवलेला होता. म्हणाला, त्यानं लपवला हे कशावरून? त्यालाही कुणीतरी तसंच विकलं असेल. मी म्हटलं, मग त्या ८५ डॉलरचं काय, त्याला काय म्हणायचं? त्यावर त्यानं मला एक फॉर्म दिला. फॉर्ममध्ये आरोपीचं नाव आणि पत्ता. नाव जाहिरातीवरचं, तेही बहुधा खोटं. गाडीचा नंबर घेतलात का? नाही घेतला. (तुम्ही घ्या. फोटो काढा. सभ्यपणा गेला खड्ड्यात.) स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, जा म्हणाला, मिशिगनमध्ये ७,००० डॉलरपर्यंत वकिलाशिवाय दावा करता येतो. छान. पण दाव्याची नोटीस कुणाला बजावायची? पत्ता शोधायचं काम पोलिसांचं, आणि पोलीस म्हणतात कोर्टात जा. कोर्टाचा कारकून म्हणतो पत्ता घेऊन या. सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरली, दीड तास लागला. एक क्रमांक आला. त्या क्रमांकाचं पुढं काही झालेलं नाही. फटाक्यासारखं फुटू शकेल असं धनुष्य एक माणूस टेप लावून विकतो, उद्या एखाद्या पोराचा डोळा जाईल, हे मी चार खिडक्यांवर चार वेळा सांगितलं आणि चारही ठिकाणी माझं स्पेलिंग नीट आहे ना एवढंच विचारलं गेलं.

त्या ठाण्यातून बाहेर पडताना पार्किंगमधली पाटी दिसली. ऑनलाइन खरेदी-विक्रीसाठी राखीव जागा, चोवीस तास कॅमेरा. माझ्या घरापासून नऊ मिनिटांवर.

मोसम गेला. सहकाऱ्यानं दोन किलो हरणाचं मटण आणून दिलं, त्याचा रस्सा केला, पण घास गोड लागला नाही. नोव्हेंबरात मी साइट आणि क्विव्हर विकायला काढले, तर एकानं विचारलं, सगळं धनुष्यच देता का, २०० देतो. मी लिहिलं नव्हतं की ते फुटकं आहे. फोटोत टेप दिसत होती, कारण मी ती कारागिराकडून परत आणली होती आणि, खरं सांगायचं तर, जागच्या जागी दाबून बसवली होती. गॅरेजमध्ये तसं बरं दिसतं म्हणून. दोन रात्री मी त्या माणसाला उत्तर दिलं नाही. २०० म्हणजे नुकसान ३८५ वर येत होतं. तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन दोरी प्रेसवर उतरवून घेतली, कारागिरानं त्याचे पैसे घेतले नाहीत. घरी येऊन दोन्ही लिंब करवतीनं कापले. साइट आणि क्विव्हर ४० ला गेले. निव्वळ ५४५.