आमचं ग्रुप होम (मानसिक आजार असलेल्या बायकांसाठी), पुणे – राहणारीचा रिव्ह्यू

पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला एका साध्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. चौघी राहतो. चौघींनाही मानसिक आजार आहे, मला स्किझोफ्रेनिया. संस्थेचं नाव आणि सोसायटीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खालचा भाजीवाला, वॉचमन, समोरच्या काकू हे सगळे आम्हाला नावानं ओळखतात, आजारानं नाही, आणि ते तसंच राहायला हवं. पण सर्व्हिस कशी आहे ते लिहायलाच पाहिजे असं वाटलं, कारण हाफवे होम (हॉस्पिटल आणि घर यांच्या मधली राहायची जागा) किंवा ग्रुप होम शोधायला बसलं की जे रिव्ह्यू दिसतात ते नातेवाईकांचे असतात. जागा स्वच्छ, स्टाफ प्रेमळ, जेवण घरच्यासारखं, पार्किंग आहे. तिथे जी माणसं रात्रंदिवस राहतात त्यांचं म्हणणं मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही.

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. का ते सांगते.

या संस्थेनं फ्लॅट भाड्यानं घ्यायच्या आधी आम्हाला विचारलं. म्हणजे आमच्या भावांना, आईवडिलांना, डॉक्टरांना विचारलं ते वेगळं, आम्हाला वेगळं विचारलं. मी तेव्हा एका खाजगी केंद्रात होते. तिथे संडासाला आतून कडी नव्हती, मोबाईल ऑफिसात जमा, आणि सकाळी सहाला सगळ्यांनी प्रार्थनेला उभं राहायचं, मग तुम्हाला रात्रीच्या गोळीनं डोळे उघडत नसले तरी. संस्थेची एक ताई आणि एक दादा आले. दादांना स्वतःला बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) आहे, त्यावर लिथियमची गोळी घेतात, हे त्यांनी पहिल्याच दोन मिनिटांत सांगितलं. त्यामुळे खूप फरक पडला, कारण ज्या माणसाला लिथियमनं हात थरथरणं म्हणजे काय ते माहितीये त्याला आपण सगळं नीट सांगतो.

त्यांनी केंद्राच्या मॅडमना सांगितलं की आम्हाला प्रत्येकीशी एकेकटं बोलायचंय, तुम्ही इथे नको. अंगणात खुर्च्या टाकून बसलो. मला वाटलं तेच फॉर्मवाले प्रश्न असतील, आजार कधीपासून, हॉस्पिटलला किती वेळा. तसलं काहीच नाही. रात्री जाग आली की काय करता? दाराची किल्ली कोणाकडे असावी? गोळ्या कोणी ठेवाव्यात? कुठला आवाज सहन होत नाही? स्वतःच्या हातात पैसे किती असले की बरं वाटतं? भेटायला कोणी यावं आणि कोणी येऊ नये?

या शेवटच्या प्रश्नाला मी एका नातेवाईकाचं नाव सांगितलं. आजपर्यंत ते मला कोणी विचारलंच नव्हतं, सगळे धरूनच चालायचे की घरचं माणूस आलं की मला आनंदच होणार. त्यांनी कागदावर लिहून घेतलं, का म्हणून विचारलं नाही, आणि आज ती व्यक्ती फ्लॅटवर येत नाही. माझ्यासाठी एवढ्या एका गोष्टीवर अख्खी सर्व्हिस पास आहे.

आणि एकदा विचारून थांबले नाहीत. पुन्हा आले, वेगळ्या वेळेला. दादांनी कारण सांगितलं की वॉर्डात किंवा केंद्रात बरीच वर्षं काढली की माणसाला हो हो म्हणायची सवय लागते, शिवाय गोळ्यांमुळे सकाळी डोकं जड असतं, म्हणून एका दिवसाचं उत्तर धरायचं नाही. हे अगदी खरंय. पहिल्या वेळेला मी टीव्ही पाहिजे म्हणाले होते. दुसऱ्या वेळेला सांगितलं की टीव्ही दाराच्या आड असलेल्या खोलीत पाहिजे, कारण बातम्यांचा आवाज सतत चालू असला की मला आजारामुळे ऐकू येणारे आवाज वाढतात.

आमच्यात सगळ्यात मोठ्या ज्या आहेत त्यांना आम्ही मावशी म्हणतो. त्या खूप वर्षं एका सरकारी मनोरुग्णालयात होत्या. त्यांना काहीही विचारलं की एकच उत्तर, तुम्ही म्हणाल तसं. खोली कशी पाहिजे, तुम्ही म्हणाल तसं. काय खायला आवडतं, जे असेल ते. इथे दुसरी कुठली संस्था असती तर लिहून टाकलं असतं की काही विशेष अपेक्षा नाही. यांनी मावशींना संस्थेच्या दुसऱ्या एका फ्लॅटवर थोडे दिवस राहायला नेलं, बघा कसं वाटतं ते, नाही आवडलं तर परत. तिथे मावशी पहाटे साडेचारला उठून किचनमध्ये गेल्या. गॅसला लायटर लागतो की बटण फिरवलं की पेटतो तेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं, पण कुणाला हाक न मारता शोधून काढलं आणि चहा केला. एकटीनं, बिनसाखरेचा, कारण साखरेचा डबा सापडला नाही. त्यानंतर त्या बोलायला लागल्या. गॅस माझ्या हातात पाहिजे. पहाटे कोणी परत झोपा म्हणायचं नाही. पांढरी चादर नको. मला हे फार पटलं की ज्या माणसाला वर्षानुवर्षं काही निवडूच दिलेलं नाही त्याला नुसतं तोंडी विचारून भागत नाही, आधी राहून बघू द्यावं लागतं.

नातेवाईकांची मीटिंग वेगळी झाली होती. दोन्ही याद्या आम्हाला नंतर वाचून दाखवल्या, आणि कोणी काय म्हटलं ते नावं न घेता सांगितलं. घरच्यांनी मागितलं होतं: खिडक्यांना गज, आत कॅमेरे, रात्री झोपायला स्टाफची बाई, बाहेर जायचं तर सोबत. आम्ही मागितलं होतं: संडास-बाथरूमला आतून कडी, स्वतःचं कपाट आणि त्याची किल्ली, मोबाईल स्वतःकडे, जवळ बसस्टॉप, आणि काहीतरी काम. घरच्यांचं मी चूक म्हणत नाही, आमच्या आजारात त्यांनी जे बघितलंय त्यातून ती भीती आलेली आहे. पण कॅमेऱ्यासमोर कपडे बदलायचे आम्हाला आहेत.

मग तोडगे काढले, आणि ते चांगले काढलेत. बाथरूमला असं लॅच आहे की आतून बंद होतं पण अडचण आली तर बाहेरून नाणं घालून फिरवता येतं. आत एकही कॅमेरा नाही, सोसायटीच्या गेटवर आहे तेवढा पुरे. रात्रीची केअरटेकर ताई त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहते, आमच्यात झोपत नाही, पण बेल दाबली की दोन मिनिटांत वर. गोळ्या वारांच्या खणांच्या डबीत, रविवारी ताईसमोर आपण स्वतः भरायच्या. माझी क्लोझापिनची गोळी आहे, तिला नियमित रक्ततपासणी लागते, म्हणून त्या तपासणीची तारीख फ्रिजवर लावलेली असते, ती मीच बघते. सकाळी साडेनऊच्या आधी कुठलाही कार्यक्रम ठेवत नाहीत, हेही आम्हीच सांगितलेलं.

नंतर दादांनी एक गोष्ट सांगितली ती इथे लिहिते. अमेरिकेत 1993 मध्ये बेथ टॅन्झमन म्हणून एकीनं अशा बऱ्याच पाहण्या एकत्र करून लेख लिहिला होता, मानसिक आजार असलेल्यांना घर कसं पाहिजे ते त्यांनाच विचारलेल्या पाहण्या. त्यात निघालं की बहुतेकांना स्वतःचं घर पाहिजे, एकट्यानं किंवा जोडीदाराबरोबर, इतर पेशंटांबरोबर नको, स्टाफ घरात राहणारा नको पण बोलावल्यावर येणारा पाहिजे, आणि पैसे, फोन, जायला-यायला गाडी हे लागतं. स्टाफबद्दलचं आणि पैशाचं ऐकून मला वाटलं आमचीच यादी ऐकतेय. पण एकटं राहायचं म्हणाल तर मला नको. मला संध्याकाळी दिवेलागणीला घरात माणसाचा वावर पाहिजे. आमच्यातल्या एकीला मात्र अगदी तसंच पाहिजे, स्वतःची एकटीची खोली, आणि ती अजून मिळालेली नाही. म्हणून तर प्रत्येकीला वेगळं विचारायचं. तिकडच्यांना हे हवं म्हणून इथे तेच, असं करून चालणार नाही, आणि आपल्याकडे सगळ्यांना माणसं आवडतात असं म्हणूनही चालणार नाही.

आता हे सगळं ऐकून कोणी म्हणेल की नशीबवान आहात, एवढं कोण करतं. तर हा आमचा हक्क आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्याच्या कलम 19 मध्ये लिहिलंय की कुटुंब नाही, किंवा घरचे घेत नाहीत, किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणानं कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. कलम 18 मध्ये सरकारनं हाफवे होम, आधारासह राहायच्या जागा द्यायच्या असं आहे. कायदा मे 2018 पासून लागू आहे. आणि 2019 मध्ये देशातल्या 43 सरकारी मनोरुग्णालयांच्या पाहणीचा अहवाल आला त्यात साधारण 36 टक्के लोक एक वर्षाहून जास्त काळ आतच होते. आपल्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी अशी चार मोठी आहेत, तिथून बाहेर पडून जायचं कुठे हा प्रश्न मावशींसारख्या कितीतरी जणींचा आहे. चेन्नईच्या द बॅन्यन संस्थेनं 2015 पासून साध्या वस्तीत भाड्याची घरं घेऊन चार-पाच जणींनी मिळून राहायची पद्धत सुरू केली, होम अगेन म्हणतात, आमचं साधारण त्याच धर्तीवर चालतं.

खर्च. सध्या महिन्याला 16,000, त्यात भाडं, लाईट, किराणा, केअरटेकर. गोळ्या आणि तपासण्या वेगळ्या. हे सगळ्यांना परवडणारं नाही हे मला माहितीये. मावशींचे पैसे संस्था देणग्यांतून भरते. अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर दाखला काढून घ्या, योजनांना लागतो. पण एक लक्षात ठेवा, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची घरौंदा (आता समर्थ-कम-घरौंदा) नावाची जी ग्रुप होमची योजना आहे ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, नुसता मानसिक आजार त्यात बसत नाही. बरेच पालक त्या आशेवर चकरा मारत बसतात.

आता काय आवडलं नाही ते. सुरुवातीला आम्ही तिघी होतो आणि चौथी अचानक आणून ठेवली. आम्हाला घराबद्दल सगळं विचारलं आणि घरात कोण येणार ते विचारलं नाही. तिलाही आमच्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं, बिचारी दोन दिवस चप्पल घालूनच पलंगावर बसून होती. आम्ही महिन्याच्या मीटिंगला हे काढलं, चांगलं ताणून धरलं. आता नियम झालाय की नवीन येणारी आधी चहाला येणार, मग दोन रात्री राहणार, मग तिचं आणि आमचं दोघांचं मत घेणार. नियम चांगला आहे पण तो आम्हाला भांडून मिळवावा लागला.

दुसरं म्हणजे फॉर्म. फीच्या फॉर्मवर अजून पालकाची सही मागतात. मी त्रेचाळीस वर्षांची आहे, बँकेत माझं खातं आहे, वर सांगितलेल्या 2017 च्या कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांचे निर्णय घ्यायला मदत करणारं आपलं माणूस) मी स्वतः नेमू शकते असं कलम 14 आहे, तरी माझा धाकटा भाऊ नाशिकहून येऊन सही करणार. ऑफिसला दोनदा लेखी दिलंय, बघतो म्हणतात. एक स्टार मुख्यतः यासाठी आणि त्या एकटीच्या खोलीसाठी कापलाय.

तिसरं संस्थेच्या हातात पूर्णपणे नाही. भाडेकरार अकरा महिन्यांचा. दरवेळी मालक काय म्हणतो, सोसायटी एनओसी देते का, याची धाकधूक. मला तर करार संपायच्या महिन्यात झोप लागत नाही, डॉक्टरांनी तेव्हा गोळी थोडी वाढवून दिली होती. संस्थेनं निदान तीन वर्षांचा करार करायचा प्रयत्न करावा असं मीटिंगच्या वहीत आम्ही चौघींच्या सह्यांनी लिहिलंय.

जेवणाबद्दल विशेष काही नाही, आम्हीच करतो, पाळ्या लावल्यात, शुक्रवारी मासे. पाणी येतं. बस पाच मिनिटांवर.

बघायला येणार असाल तर ज्यांच्यासाठी घर बघताय त्यांना घेऊन या, आणि नुसती खोली बघून जाऊ नका. तिथे राहणाऱ्या कोणाशीतरी स्टाफशिवाय बोलायला मिळतं का ते विचारा. कुठल्याही ठिकाणी गेलात तरी हे विचारा, कडी कुठल्या बाजूनं आहे ते बघा, कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला आहे ते बघा. बोलू देत नसतील तर दुसरीकडे बघा.

आमच्याकडे सध्या जागा नाही. दुसरा फ्लॅट धायरीकडे शोधतायत, त्यासाठी विचारायचं काम चालू आहे, आणि या वेळेला दादांबरोबर मीही जाते, संस्था त्याचे पैसे देते. आत्तापर्यंत ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बहुतेक जणींनी तळमजला नको म्हणून सांगितलंय, खिडकीतून लोक बघतात म्हणून, तर एजंटला पहिला किंवा दुसरा मजलाच बघायला सांगितलाय.