'135 वॉट'च्या दिव्यांनी घातलेला गंडा

मी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची नाणी, जमवतो आणि घरीच त्यांचे फोटो काढतो. सकाळी खिडकीपाशी आणि रात्री ट्यूबखाली एकाच नाण्याचे दोन रंग यायचे. सारखा उजेड हवा म्हणून दिवे शोधत होतो, तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात आली: दोन स्टुडिओ लाइट, प्रत्येकी 135 वॉट, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, याचा शंभरपैकी आकडा) 95च्या वर, 2,799 रुपये. पैसे माल हातात आल्यावर द्यायचे, म्हणून निर्धास्त झालो. पण खोकं फोडायच्या आधीच पैसे मोजावे लागले.

दिवे अगदीच हलके होते. ना बनवणाऱ्याचं नाव, ना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का. शटर सेकंदाच्या 1/250 भागापुरतं उघडेल असं लावून पहिला फोटो काढला, तर नाण्यावर आडवे काळपट पट्टे. नाण्यावरच्या 'छत्रपति' या अक्षरांतलं वरचं 'छत्र' अंधारात, खालचं 'पति' उजेडात. तांब्याची लाली जाऊन नाणं शेवाळलेलं दिसत होतं. शंका नको म्हणून देव्हाऱ्यातला करंडा शेजारी ठेवला, तर कुंकूसुद्धा विटकरी! आमच्या वायरमन काकांनी मीटर लावला. "अहो, हा 16 वॉटच खातोय," म्हणाले.

आपली वीज 50 सायकलची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची, आणि प्रत्येक आवर्तनात जोर दोनदा चढतो-उतरतो. दिव्यातलं सर्किट हलकं असलं की उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेरा पकडतो. शटर 1/50 केलं की पट्टे जातात, पण गेलेला रंग परत येत नाही.

विक्रेत्याने आधी "तुमची सेटिंग चुकलीय" असं सांगितलं, मग नंबर ब्लॉक केला. कुरिअरवाल्यानेही हात वर केले. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पण पावतीवर पत्ताच नाही. निदान जाहिरातीचा स्क्रीनशॉट तरी काढून ठेवायला हवा होता, याची फार चुटपुट लागली आहे.

कृपया दिवा दुकानात लावून बघूनच घ्या. मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतं) शटर 1/1000 करून दिव्याकडे धरा. पट्टे सरकताना दिसले तर तो घेऊ नका. लाल काहीतरी सोबत न्या आणि त्याचा रंग आधी दारातल्या उन्हात, मग दिव्याखाली बघा.

मी शेवटी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून एकाच कंपनीचे, एकाच छटेचे 12 वॉटचे दोन एलईडी बल्ब असेच पारखून आणले. पुढे बटर पेपर, बाजूला पांढरी कार्डशीट. होल्डर-वायरसकट सगळं सहाशेच्या आत बसलं. पडदे ओढतो, घरातले बाकीचे दिवे बंद करतो आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचं कॅमेऱ्याचं सेटिंग) कोऱ्या कागदावर एकदाच लावतो. आता सकाळच्या आणि रात्रीच्या फोटोंत शिवराईचं तांबं एकसारखं येतं.