ऑक्टेव्ह: एलसीडीतला उजेड मोजायला फुकट आणि पुरेसं

दारव्ह्याकडं बीएस्सीला फिजिक्स शिकवतो. आमच्या लॅबमध्ये ना पोलरायझिंग मायक्रोस्कोप, ना लिक्विड क्रिस्टलचा सेल, म्हणजे दोन काचांमध्ये एलसीडीचा द्रव भरलेली डबी. म्हणून जीएनयू ऑक्टेव्ह, गणितातून प्रयोग कॉम्प्युटरवरच करून पाहायचं सॉफ्टवेअर. एकदा टाकलं की नेट लागत नाही. लाइन गेली तरी लॅपटॉपवर काम चालू.

आतले रेणू एका काचेपासून दुसरीपर्यंत ९० अंश पीळ घेतात असा सेल गणितात १०० पातळ थरांत कापायचा, प्रत्येक थराला २×२ जोन्स मॅट्रिक्स (तो थर उजेडाचं पोलरायझेशन कसं बदलतो ते सांगणारा चार आकड्यांचा चौकोन), मग क्रमानं गुणाकार. दोन्ही बाजूंचे पोलरायझर (एकाच दिशेनं कंप पावणारा उजेड जाऊ देणारे फिल्टर) समांतर ठेवा, ५५० नॅनोमीटरचा हिरवा उजेड सोडा. सेलची जाडी गुणिले बायरेफ्रिंजन्स (दोन दिशांच्या अपवर्तनांकांतला फरक) ४७६ नॅनोमीटर झालं की बाहेर येणाऱ्या उजेडाचा ग्राफ जवळजवळ शून्याला टेकतो. गूच आणि टॅरी या संशोधकांचं १९७५ चं सूत्र हेच सांगते. त्याच सेलवर पोरांनी ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड टाकला, तर पाचेक टक्के उजेड गळाला. ६५० च्या लाल उजेडाला चारेक टक्के. "सर, म्हणून काळा रंग जांभळट दिसते का?" हो बाप्पा, म्हणूनच!

फॉर-लूप (एकेक आकडा घेऊन तेच गणित पुन्हा पुन्हा) मात्र ऑक्टेव्हमध्ये लई सुस्त. जाडी आणि तरंगलांबी दोन्ही फिरवायची तर गणित मॅट्रिक्समध्येच मांडा, नाहीतर चहा पिऊन या. साधी जोन्स पद्धत थरांमधलं परावर्तन धरत नाही. स्क्रीन तिरपी पाहिल्यावर काय होते, त्यासाठी परावर्तनही धरणारी बेरेमनची ४×४ मॅट्रिक्सची पद्धत स्वतः लिहावी लागते. बीएस्सीच्या प्रोजेक्टला पाचपैकी चार तारे.