554 सीसी क्लासिक: कॅम सावरला, मोठ्या हेडने पैसे खाल्ले

रॉयल एन्फिल्ड क्लासिक 500 चं इंजिन पावसाळ्याच्या तोंडावर स्ट्रोकर करून, म्हणजे पिस्टनची चाल (स्ट्रोक) वाढवून घेतलं होतं. आता उन्हाळा लागलाय. पाऊस, थंडी आणि सुगीतली धूळ असं सगळं या इंजिनाने पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. मूळ गाडीची माहिती सगळ्यांना आहे, ती परत सांगत नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 84 मिमी तसाच ठेवला. 5 मिमी ऑफसेटच्या क्रँकपिनने स्ट्रोक 90 चा 100 झाला आणि 499 चे 554 सीसी झाले. सोबत एका विक्रेत्याकडून ‘स्टेज टू’ नावाचा कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) जोड आणि 40 मिमी इन्टेक पोर्टचं (हवा आत येण्याच्या वाटेचं) तयार हेड घेतलं.

क्रँकचं काम वाळूजला झालं, प्रेस आणि बॅलन्स दोन्ही नीट. त्याबद्दल काडीची तक्रार नाही. तक्रार कॅमच्या डब्याची आहे. डब्यात कॅम कार्ड नव्हतं.

हे बारीकसं वाटेल, पण माझ्या लेखी या खरेदीतला सगळ्यात मोठा दोष हाच. व्हॉल्व्ह 1 मिमी लिफ्टला (उचलाला) कुठे उघडतो, कुठे मिटतो, लोब सेंटर (कॅमच्या उंचवट्याचा मध्य) किती, पूर्ण लिफ्ट किती, बेस सर्कल (कॅमचा उंचवट्याखालचा गोल भाग) किती, एवढ्या पाच-सहा आकड्यांचा तो कागद असतो. तो नसेल तर कॅम म्हणजे नुसता घासलेला लोखंडाचा तुकडा. ‘स्टेज टू’ हे काही माप नव्हे. फोन केला तर उत्तर मिळालं, “मार्क टू मार्क बसवा, बाकी काही लागत नाही.” कंपनीच्या कॅमला हे चालतं, कारण तिथे गिअर आणि लोबचा कोन कारखान्यात तपासलेला असतो. बाहेर ग्राइंड केलेल्या कॅमवर मार्क कुणी मारला आणि कशावरून मारला, हे विचारायचा हक्क पैसे देणाऱ्याला आहे.

कार्ड नाही म्हटल्यावर मोजण्याला पर्याय नव्हता. पद्धत सांगतो. क्रँकच्या टोकाला डिग्री डिस्क लावा. स्पार्क प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप घाला. दोन्ही बाजूंनी पिस्टन टेकेपर्यंत क्रँक फिरवा आणि दोन आकड्यांच्या मधोमध टीडीसी, म्हणजे पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक, धरा. नुसत्या डायल गेजने टीडीसी शोधू नका. वरच्या टोकाला पिस्टन दोन-तीन अंश जवळजवळ हलतच नाही, तिथेच चूक शिरते. क्लासिकच्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचे) टॅपेट असतात. मोजताना ते दाबले जाऊन गळतात आणि लिफ्ट कमी दिसते, म्हणून मोजण्यापुरते जुने टॅपेट आतून भरीव करून घ्या. मग टॅपेटवर डायल गेज ठेवून 1 मिमी वर उचलल्याचा आणि परत 1 मिमीवर उतरल्याचा अंश लिहून घ्या. क्रँक नेहमी चालीच्या दिशेनेच फिरवायचा. मागे फिरवला की गिअरचा ढिलेपणा आकड्यात येतो.

आमच्या कॅमचे आकडे असे आले. इन्टेक टीडीसीच्या 6 अंश आधी उघडतो, बीडीसीनंतर (पिस्टनच्या सगळ्यात खालच्या टोकानंतर) 54 अंशांवर मिटतो. म्हणजे ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचे अंश) 240, सेंटर 114. एक्झॉस्ट बीडीसीच्या 50 अंश आधी उघडतो, टीडीसीनंतर 14 वर मिटतो. ड्युरेशन 244, सेंटर 108. दोन्ही सेंटर सारखीच ठेवायचा हेतू असणार हे उघड दिसतं, आणि इन्टेकचा गिअर लोबवर क्रँकचे 6 अंश उशिरा बसलाय.

या 6 अंशांनी काय होतं? इन्टेक उशिरा मिटला की पिस्टन वर येताना भरलेलं मिश्रण परत पोर्टमध्ये ढकलतो. खालच्या आरपीएमला तर फारच. तिसऱ्या गिअरमध्ये 2500 च्या खाली गाडी गचके खायची, औट्रम घाटात चढावर सारखा गिअर उतरवावा लागायचा. 55 सीसी वाढवूनही मूळ 500 पेक्षा पिकअप कमी! इथे एक सूचना: कंप्रेशन गेज लावून निदान करू नका. क्लासिकला ऑटो डीकॉम्प्रेसर आहे, सेल्फवर फिरवताना तो थोडं कंप्रेशन सोडतो आणि गेज कमीच दाखवतं.

दिवाळीपर्यंत या कॅमला मी दोन स्टार देत होतो. मग गिअर प्रेसमधून सोडवून कॅमवर 3 अंश फिरवून परत बसवला. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक होते, म्हणून 6 चे 3. आता इन्टेक 12 आधी उघडतो, 48 नंतर मिटतो, सेंटर 108. पुढे सरकवल्यावर इन्टेक व्हॉल्व्ह टीडीसीपाशी पिस्टनच्या जास्त जवळ येतो, म्हणून पिस्टनवर क्ले (मऊ माती) लावून अंतर परत मोजलं. इन्टेकला किमान 1.5 मिमी आणि एक्झॉस्टला 2 मिमी हवंच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांब होतो, तिथे कंजूषी नको. एवढं झाल्यावर कॅमबद्दलचं मत पूर्ण बदललं. लोबचा आकार चांगला आहे, कडक आवाज नाही, 240 अंश असूनही आयडल शांत. त्याचं कारणही स्ट्रोकमध्येच आहे. सीसी वाढली की त्याच व्हॉल्व्हमधून जास्त हवा ओढली जाते आणि तोच कॅम मवाळ वागतो. 499 सीसीला जो कॅम आयडलवर लंगडेल, तो 554 ला स्थिर चालतो. माझ्या मते 11 टक्के वाढीला मूळपेक्षा 5-6 अंश जादा ड्युरेशन पुरे. त्यापुढे गेलात तर ओव्हरलॅपमुळे (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहिल्याने) मॅनिफोल्डचं व्हॅक्यूम डळमळतं आणि एफआयच्या (इंधन इंजेक्शनच्या) ईसीयूला आयडलचं इंधन जमत नाही.

कॅम सावरला, तरी 3000 च्या खाली जोर येईना. तेव्हा हेडकडे लक्ष गेलं. लेथवाल्या भाऊंनी पोर्टमध्ये बोट घालून पहिलाच प्रश्न विचारला, “कामून एवढं मोठं केलं हो हे?”

हिशेब सोपा आहे आणि हेड घेण्याआधी प्रत्येकाने करावा. पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे स्ट्रोक मीटरमध्ये, गुणिले 2, गुणिले आरपीएम, भागिले 60. त्याला बोअर भागिले पोर्ट, या भागाकाराच्या वर्गाने गुणलं की पोर्टमधल्या हवेचा सरासरी वेग मिळतो. 36 मिमीचा पोर्ट धरा. मूळ 90 स्ट्रोकला 3500 आरपीएमवर हवा 57 मीटर प्रति सेकंद धावते. 100 स्ट्रोकला त्याच पोर्टमध्ये 63.5. आणि 40 च्या पोर्टमध्ये? 51. म्हणजे इंजिन मोठं करून हवा मूळपेक्षा मंद केली. मंद हवेत पेट्रोल भिंतींवर बसतं, सिलिंडर नीट भरत नाही. स्ट्रोकमुळे मूळचाच वेग टिकवायचा म्हटलं तरी पोर्ट 36 चा 38 लागतो, फक्त 2 मिमी. आणि वेग थोडा वाढलेलाच हवा असेल तर त्याहून कमी.

40 चं हेड खोटं नाही, ते 5000 च्या वर श्वास घ्यायला बनवलंय. पण 100 स्ट्रोकला 5000 वर पिस्टनचा वेग 16.7 मीटर प्रति सेकंद होतो. मूळ इंजिन 5250 वर पूर्ण ताकद देतं तेव्हा तो 15.75 असतो. म्हणजे ज्या आरपीएमसाठी हेड घेतलं, तिथे हे इंजिन रोज न्यायचंच नाही. जालना रोड असो की बीडकडचा मांजरसुंब्याचा घाट, आपली गाडी 2500 ते 4000 मध्येच चालते. तिथे लहान पोर्ट जिंकतो. विक्रेत्याने स्ट्रोक विचारलाच नाही, आणि ‘मोठ्या इंजिनाला मोठं हेड’ म्हणून विकलं. परतही घेतलं नाही. हे पैसे अजून खटकतात.

शेवटी कंपनीचं मूळ हेड काढून त्यावरच काम करून घेतलं. पोर्ट 37 वर थांबवला, 3500 ला हवेचा वेग 60 च्या आसपास. व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटच्या खालची धार आणि कास्टिंगचा उंचवटा काढला, व्हॉल्व्हच्या गाइडभोवतीचं जाडपण कमी केलं. सीट 30-45-60 अशा तीन कोनांत कापली, रुंदी इन्टेकला 1.2, एक्झॉस्टला 1.6 मिमी. पोर्टला आरशासारखं पॉलिश करू देऊ नका. इन्टेकचा पृष्ठभाग थोडा खरखरीतच बरा. लिफ्टबद्दल एवढंच की व्हॉल्व्हच्या व्यासाच्या चौथ्या हिश्शानंतर फायदा झपाट्याने घटतो. 44 मिमीच्या व्हॉल्व्हला 11 मिमी. त्यापुढे स्प्रिंग आणि गाइड झिजतात. पूर्ण लिफ्टवर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मिळून 1 मिमी मोकळीक राहिली पाहिजे, रिटेनर आणि गाइडच्या सीलमध्ये 1.5.

कंप्रेशन. इथे बरेचजण फसतात. मूळ 8.5 ला चेंबरची एकूण जागा साधारण 66.5 सीसी. तीच ठेवून 554 केलं तर कंप्रेशन 9.3 होतं. आपल्याकडे 42-43 अंशांच्या दुपारी हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला 9 पुरे, त्यासाठी 2.8 सीसी जागा वाढवायची. 0.5 मिमी जाड गॅस्केट टाकली तर नेमकी तेवढीच मिळते, म्हणून सगळे तेच करतात. ते करू नका. गॅस्केटने स्क्विश (पिस्टन वर आल्यावर त्याची कड आणि हेड यांतलं बारीक अंतर) सुटतो आणि नॉकिंग उलट वाढतं. ते 2.8 सीसी चेंबरमधून काढा, व्हॉल्व्हच्या कडेची भिंत मागे सारून. हवेला वाटही मिळते. ग्रीस लावून अॅक्रिलिकची काच बसवा आणि ब्युरेटने मोजा. स्क्विश 1 मिमीच्या आसपास ठेवा.

वाढलेल्या स्ट्रोकने पिस्टन 5 मिमी जास्त वर येतो. त्यासाठी बॅरलखाली 5 मिमीचा स्पेसर आला की पुशरॉडही 5 मिमी लांब लागतात. कॅम जुन्याच कॅमला घासून बनवलेला असेल तर बेस सर्कल जेवढं उतरलं तेवढं त्यात मिळवा. आमचं 0.8 मिमी उतरलं होतं, तेही कार्ड नसल्याने मोजूनच कळलं. टॅपेटला अर्धा ते एक मिमी दाब राहील अशी लांबी धरा. स्पेसरला तेल परत येण्याचं भोक हवं, स्टडही लांब हवेत. बीडीसीला पिस्टनचा स्कर्ट फ्लायव्हीलला टेकत नाही ना, हे इंजिन बंद करण्याआधी हाताने फिरवून बघा.

आणखी एक. बाहेरच्या एक्झॉस्ट कॅमवर डीकॉम्प्रेसर आहे का, हे आधी विचारा. तो नसेल आणि कंप्रेशन वाढलेलं असेल, तर सेल्फचा धक्का थेट स्प्रॅग क्लचवर (सेल्फ इंजिनाला जोडणाऱ्या एकेरी क्लचवर) जातो. तो या इंजिनाचा आधीच नाजूक भाग आहे. आमच्यावर डीकॉम्प्रेसर आहे, त्याचे गुण पूर्ण देतो.

आता गाडी 2200 पासून सरळ ओढते, औट्रम घाट चौथ्यात चढते. 80 च्या वेगात 27-28 चं अॅव्हरेज येतं. ई20 पेट्रोलमुळे फ्युएल मॉड्यूलवर मिश्रण थोडं घट्ट (पेट्रोल जास्त) ठेवलंय, नाहीतर उन्हात भार पडला की टिकटिक सुरू होते. सोयाबीनच्या मळणीत फिल्टर नेहमीपेक्षा लवकर भरतो.

करून घेणाऱ्यांनी आरसीवरची सीसी बदलते हे लक्षात घ्यावं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा बदलांना लागू होतं, आणि विमा कंपनी दाव्याच्या वेळी तेच पुढे करते.

कॅमला चार स्टार, कार्डाचा एक कापला. 40 च्या हेडला आपल्या रस्त्यांसाठी एक. हेडचं काम करणारा पोर्ट किती करायचा हे विचारण्याआधी स्ट्रोक आणि आरपीएम विचारतो का बघा. विचारत नसेल तर हेड त्याच्या हातात देऊ नका.