नवा एनव्हीएमई ड्राइव्ह आणि बूटची अडचण : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुन्या साटा एसएसडीच्या (केबलने जोडलेल्या डिस्कच्या) जोडीला एक टेराबाइटचा एनव्हीएमई ड्राइव्ह (थेट मदरबोर्डवर बसणारी, अधिक वेगवान डिस्क) बसवून त्यावर विंडोज ११ नव्याने इन्स्टॉल केली, त्याला आता बरेच महिने झाले आहेत. ड्राइव्हचा वेग उत्तम आहे, तो फारसा तापत नाही आणि आजवर एकही फाइल खराब झालेली नाही, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. लिहिण्यासारखे आहे ते संगणक सुरू, म्हणजे बूट, न होण्याबद्दल, कारण नवा ड्राइव्ह घेणाऱ्यांना छळते ती बहुधा हीच अडचण, आणि तिचा दोष अनेकदा निरपराध ड्राइव्हवर ढकलला जातो.

इन्स्टॉलेशन विनातक्रार पार पडले आणि पुढचे काही आठवडे दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना सारे सुरळीत चालले. जुनी डिस्क काढली आणि काळ्या पडद्यावर बूट करण्याजोगे उपकरण सापडत नसल्याचा संदेश आला. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) नवा ड्राइव्ह त्याच्या पूर्ण क्षमतेसह दिसत होता. बूटच्या यादीतून मात्र ‘विंडोज बूट मॅनेजर’ ही नोंदच नाहीशी झाली होती. ड्राइव्ह दिसतो पण नोंद दिसत नाही, हा फरक नीट लक्षात घेतला तर निम्मे निदान तिथेच होते.

यूईएफआय या, संगणक सुरू करण्याच्या आजच्या पद्धतीत संगणक सुरू होताना विंडोजचे फोल्डर शोधत नाही. तो ईएफआय सिस्टीम पार्टिशन नावाच्या, फॅट३२ स्वरूपाच्या छोट्या भागातील बूट लोडर (विंडोज सुरू करून देणारी फाइल) शोधतो. इन्स्टॉलेशनच्या वेळी दुसऱ्या डिस्कवर असा भाग आधीपासून असेल, तर विंडोजचा इन्स्टॉलर बरेचदा तोच वापरतो आणि नव्या ड्राइव्हवर वेगळा भाग तयार करत नाही. परिणामी विंडोज एका डिस्कवर आणि तिला जागी करणारी फाइल दुसऱ्या डिस्कवर, अशी फाळणी होते. जुनी डिस्क काढण्यापूर्वी डिस्क मॅनेजमेंट उघडून हा भाग कोणत्या डिस्कसमोर दिसतो एवढे पाहिले तरी ही फाळणी उघड होते.

दुरुस्तीसाठी सर्वत्र ‘बूटरेक’ या विंडोजच्या दुरुस्ती साधनाच्या आज्ञा सुचवल्या जातात, पण त्यांपैकी जुन्या बूट पद्धतीसाठी असलेल्या ‘फिक्सएमबीआर’चा यूईएफआय संगणकाला काहीच उपयोग नाही, आणि जो भाग अस्तित्वातच नाही तो दुसरी कोणतीही ‘बूटरेक’ आज्ञा निर्माण करत नाही. इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून शिफ्ट आणि एफ१० दाबले की कमांड प्रॉम्प्ट उघडतो. तिथे डिस्कपार्ट या, डिस्कचे भाग पाडणाऱ्या साधनाने विंडोजचा भाग थोडा आकसून घेतला, मोकळ्या झालेल्या जागेत २६० एमबीचा ईएफआय भाग तयार केला, तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्याला एक अक्षर दिले आणि शेवटी बीसीडीबूट या आज्ञेने बूटच्या फाइली त्यात उतरवल्या. या वातावरणात विंडोजच्या भागाला ‘सी’ हेच अक्षर मिळेल याची खात्री नसते. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी त्या अक्षरावर विंडोजचे फोल्डर खरोखर आहे का, हे पाहून घ्यावे. पुढच्याच रीस्टार्टला संगणक जुन्या डिस्कशिवाय सुरू झाला.

अर्थात सगळ्यात सोपा उपाय आधीच करण्याचा आहे : इन्स्टॉलेशन पूर्ण होईपर्यंत बाकीच्या सर्व डिस्कच्या केबल काढून ठेवाव्यात. चुकीची डिस्क फॉरमॅट होण्याचा धोकाही त्याने टळतो.

इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह बूटच्या यादीत दोनदा दिसत असेल, तर ‘यूईएफआय’ असा उल्लेख असलेली नोंदच निवडावी, अन्यथा डिस्क जीपीटी (यूईएफआयसाठीच्या विभागणीच्या) स्वरूपाची असल्याने इन्स्टॉलेशन शक्य नाही, असे इन्स्टॉलर सांगतो. इंटेलच्या अनेक नव्या संगणकांत व्हीएमडी (ड्राइव्ह हाताळण्याची इंटेलची सोय) सुरू असल्यामुळे इन्स्टॉलरला ड्राइव्ह दिसतच नाही. अशा वेळी त्याचा ड्रायव्हर पुरवावा किंवा व्हीएमडी बंद करावे, पण हा निर्णय इन्स्टॉलेशनपूर्वीच घ्यावा. विंडोज बसल्यानंतर ही सेटिंग बदलली तर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा समोर येऊ शकतो. बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरू असल्यास बायोसमध्ये हात घालण्यापूर्वी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण सिक्युअर बूटची (फक्त विश्वासार्ह लोडर चालू देणारी) सेटिंग बदलली की ती विचारली जाण्याची दाट शक्यता असते.

मधल्या काळात बायोस अपडेट केल्यावर बूटच्या नोंदी पुसल्या गेल्या, तरी संगणक अडला नाही. ईएफआय भागातील ‘बूट’ फोल्डरमध्ये लोडरची एक प्रत असते आणि कोणतीही नोंद नसेल तर यूईएफआय तिच्याकडे वळते. ही प्रत आता विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे त्याच ड्राइव्हवर आहे, आणि जुनी एसएसडी केवळ बॅकअपसाठी वापरात आहे.